व्हॅन गॉगने हिरोशिगे गिरवला तेव्हा : एका प्रभावाचं प्रकरण

१८८७ चा हिवाळा तोंडावर आला होता. पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये, रू लपिकवरच्या ५४ क्रमांकाच्या घरात राहणाऱ्या चौतीस वर्षांच्या एका डच चित्रकारानं एक जपानी छापील चित्र समोर घेतलं, त्यावर पारदर्शक कागद ठेवला आणि बाह्यरेषा गिरवल्या. गिरवलेल्या चित्रावर चौकटी आखल्या, तितक्याच पण मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखल्या आणि एकेक चौकट भरत चित्र मोठं केलं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीत आपल्यापैकी अनेकांनी असंच चित्र वाढवलेलं असेल. फरक इतकाच, की व्हिन्सेंट व्हॅन गॉग तेव्हा विद्यार्थी नव्हता. ‘बटाटे खाणारे’ हे त्याचं मोठं चित्र दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. तरीही तो गिरवायला बसला.

अशी तीन चित्रं त्याने केली. हिरोशिगे आणि केसाई एइसेन हे जपानी चित्रकार; दोन चित्रं पहिल्यावरून, एक दुसऱ्यावरून. तिन्ही आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत. युरोपीय चित्रकलेवर जपानी ठसाचित्रांचा, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचा, प्रभाव पडला, हे वाक्य कलेतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असतं. पण प्रभाव म्हणजे नेमकं काय घडतं, हात कुठे थांबतो, काय घेतलं जातं आणि काय सुटतं, हे बहुतेक वेळा दिसत नाही. इथे ते दिसतं, कारण मूळ चित्रं, गिरवलेले कागद आणि रंगवलेले कॅनव्हास शिल्लक आहेत. त्यातल्या फुललेल्या आलुबुखाऱ्याच्या झाडाच्या आणि पावसातल्या पुलाच्या चित्रांपाशी मला मुख्यतः थांबायचं आहे.

आधी तो इथपर्यंत कसा पोचला ते. अमेरिकन आरमाराच्या दबावाखाली १८५४ मध्ये जपाननं बंदरं उघडायला सुरुवात केली आणि माल बाहेर पडू लागला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जपान अधिकृतपणे सहभागी झाला. १८७२ मध्ये फिलिप ब्युर्ती या समीक्षकानं या जपानवेडाला ‘जापोनिझ्म’ हे नाव दिलं. म्हणजे व्हॅन गॉग या लाटेत उशिराच शिरला. चित्रकार मोनेनं आपल्या बायकोला लाल किमोनो नेसवून, मागे पंखे लावून रंगवलं ते १८७६ मध्ये. व्हॅन गॉगनं पहिली जपानी चित्रं घेतली ती १८८५ च्या अखेरीस, अँटवर्पच्या मुक्कामात. भाड्याच्या खोलीच्या भिंतींवर ती टाचली आणि खोली आता सुसह्य वाटते, असं भावाला, थिओला, कळवलं.

पुढे पॅरिसमध्ये त्याला सिगफ्रीड बिंगचं दुकान सापडलं. हा जर्मनीत जन्मलेला व्यापारी पौर्वात्य वस्तू विकायचा. त्याच्या माळ्यावर दहा हजार जपानी चित्रांचा ढीग असल्याचं व्हॅन गॉगनं पत्रात लिहिलं आहे. तिथे त्याला मनसोक्त चाळत बसता येई. १८८६-८७ च्या हिवाळ्यात त्याने सुमारे ६६० चित्रं जमवली. त्यात धंद्याचाही हेतू होता, ती विकून चार पैसे मिळवायचे होते. १८८७ च्या सुरुवातीला बुलव्हार द क्लिशीवरच्या ‘तांबुरँ’ या कॅफेत त्याने त्यांचं प्रदर्शन मांडलं. कॅफेची मालकीण आगोस्तिना सेगातोरी त्याची मैत्रीण होती. विक्रीच्या दृष्टीनं हे प्रदर्शन साफ फसलं. अंकतँ आणि बर्नार या चित्रकार मित्रांवर मात्र त्याचा परिणाम झाला, असं त्याने स्वतःच नोंदवलं आहे.

विक्री फसल्यामुळे चित्रं घरात राहिली, रोज डोळ्यांसमोर राहिली. आज त्यांतली सुमारे पाचशे संग्रहालयात आहेत. मोठे संग्राहक जुन्या, दुर्मीळ, नाजूक छटांच्या चित्रांमागे होते. व्हॅन गॉगकडे आली ती प्रामुख्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची, ठसाचित्रकारांच्या उतागावा घराण्याची, भडक रंगांची स्वस्त छपाई. त्याच घराण्यातल्या कुनिसादाची चित्रं त्यात भरपूर होती. जाणकारांनी ज्याला उतरत्या काळाचं काम म्हटलं असतं, नेमकं तेच त्याच्या भिंतीवर होतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याने जपानकडून जो रंग घेतला तो दरबारी अभिरुचीचा नव्हता. एदो शहरातले, म्हणजे आजच्या टोकियोतले, दुकानदार, कारागीर ज्या चित्रांवर थोडेसे पैसे खर्च करत, त्या चित्रांचा तो रंग होता.

आता मूळ चित्रांकडे. उतागावा हिरोशिगेनं आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं’ ही मालिका केली. उओया एइकिची या प्रकाशकानं ती १८५६ पासून काढायला घेतली. नावात शंभर असली तरी स्थळं शंभराहून जास्त आहेत. १८५८ मध्ये हिरोशिगे वारला. आपली दोन्ही चित्रं १८५७ ची. एकात कामेइदोची आलुबुखाऱ्याची बाग आहे आणि दुसऱ्यात शिन-ओहाशी पुलावर अचानक कोसळलेली सर.

ही चित्रं एका हातची नसतात. चित्रकार रेखाटन देतो. कोरणारा ते रानटी चेरीच्या लाकडावर उलटं चिकटवून रेषा राखतो आणि बाकीचं लाकूड काढून टाकतो. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जातो. छापणारा तुतीच्या जातीच्या सालीपासून केलेला कागद ठशावर ठेवून पाठीमागून ‘बारेन’ नावाच्या चपट्या गोल साधनानं घासतो. रंग पाण्यातले असल्यानं ते कागदावर बसत नाहीत, त्यात मुरतात. म्हणून पृष्ठभाग सपाट आणि मऊ राहतो. आकाशाच्या वरच्या कडेला गडद रंग हळूहळू फिका होत जातो, त्याला ‘बोकाशी’ म्हणतात. ती छापणाऱ्याची करामत, ओल्या ठशावर रंग हातानं पुसत आणलेला असतो. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर प्रकाशक. भांडवल त्याचं, काय खपेल हा अंदाजही त्याचाच.

आलुबुखाऱ्याच्या चित्रात हिरोशिगेनं केलेलं धाडस आजही दचकवतं. झाडाचं खोड आणि फांद्या बघणाऱ्याच्या इतक्या जवळ आणल्या आहेत की झाड पूर्ण दिसतच नाही, चौकटीच्या कडा ते कापून टाकतात. लांब, कुंपणापलीकडे, फांद्यांच्या फटींतून बाग बघायला आलेली माणसं मुंगीएवढी दिसतात. ‘निजलेला ड्रॅगन’ म्हणून ओळखलं जाणारं एदोतलं नामांकित झाड ते हेच. नामांकित झाड दाखवायचं आणि ते अख्खं दाखवायचं नाही, यासाठी छाती लागते.

इथे एक गुंता आहे आणि तो लपवू नये. ज्या जपानी नजरेनं युरोप भारावला, तिच्यात युरोप आधीच मिसळलेला होता. नागासाकीच्या देजिमा बेटावर दोनशे वर्षं डच व्यापाऱ्यांची वखार होती. दूरचं लहान, जवळचं मोठं दाखवण्याची पाश्चात्त्य रीत डच पुस्तकांतून आणि चिनी चित्रांतून जपानी चित्रकारांपर्यंत पोचली होती. हिरोशिगे तिला वाकवतो, ताणतो, पण ती त्याला ठाऊक आहे. त्याचा तो गडद निळासुद्धा बर्लिनमध्ये शोध लागलेला प्रशियन निळा, १८३० च्या आसपास जपानी छपाईत सर्रास झालेला. तेव्हा एका डच माणसानं पॅरिसमध्ये बसून हिरोशिगे गिरवला, यात शुद्ध पूर्वेनं शुद्ध पश्चिमेला काही दिलं असं मानायला जागा नाही. तरीही व्हॅन गॉगला त्यात जे दिसलं ते त्याच्या शिक्षणात नव्हतं, एवढं खरं.

आता नक्कल. रेषा जवळजवळ जशीच्या तशी आहे, ती गिरवूनच घेतलेली. बदल सुरू होतात ते रंगापासून. हिरोशिगेचं खोड काळपट-करडं आहे. व्हॅन गॉगच्या खोडात तांबडा आणि निळा आला. मूळ आकाश वरच्या बाजूला गुलाबी-लाल आणि मधोमध कागदाच्या पांढुरक्या रंगावर सोडलेलं आहे. व्हॅन गॉगनं तिथे दाट पिवळा भरला. जमिनीचा हिरवा आणि आकाशाचा लाल हे विरोधी रंग मूळ चित्रातही समोरासमोर आहेत, पण तिथे मधल्या कोऱ्या पट्ट्यामुळे त्यांच्यात मोकळी हवा राहते. व्हॅन गॉग ती हवा काढून टाकतो आणि रंगांना एकमेकांना भिडवतो.

हे त्याने मुद्दाम केलं की त्याला करावंच लागलं? माझ्या मते दोन्ही, आणि दुसऱ्याचा वाटा मोठा. ठसाचित्रात कोरा कागद स्वतः एक रंग असतो, उजेड त्यातून येतो. तैलरंगात कॅनव्हास कोरा सोडला तर तो अर्धवट दिसतो, निदान त्या काळच्या डोळ्याला. मग पोकळी कशानं तरी भरायलाच हवी. करड्यानं भरली तर चित्र मरतं. पॅरिसच्या दोन वर्षांत इंप्रेशनिस्ट चित्रकारांकडून आणि सरा, सिन्याक या चित्रकारांकडून विरोधी रंगांचं जे शास्त्र त्याने उचललं होतं, ते इथे कामी आलं. कोऱ्या कागदाची जागा पिवळ्यानं घेतली, आणि पुढे त्याच्या दक्षिण फ्रान्समधल्या आर्लच्या चित्रांत हा पिवळा कुठवर पोचला ते आपण जाणतोच.

पावसाच्या चित्रात माध्यमाची ही ओढाताण अधिकच उघडी पडते. हिरोशिगेचा पाऊस केसासारख्या बारीक रेषांचा आहे. त्या किंचित वेगळ्या कोनांच्या दोन थरांत आल्यामुळे सर खरोखर फिरल्यासारखी वाटते. लाकडात इतक्या बारीक उंच रेषा राखणं हा कोरणाऱ्याच्या कौशल्याचा कळस. ब्रशनं, दाट तैलरंगानं, ती रेषा निघत नाही. व्हॅन गॉगच्या पावसाच्या रेषा जाड आहेत, त्यांच्यातला रंग हाताला लागेल असा. पण खरी गंमत नदीत आहे. हिरोशिगेचं पाणी जवळजवळ सपाट, निळं, कडेला गडद होत गेलेलं. व्हॅन गॉगला सपाट ठेववत नाही. त्याचं पाणी तुकड्या-तुकड्याच्या फटकाऱ्यांनी हलतं. पूल पिवळा धमक झाला आहे. छत्र्या आणि टोप्यांखाली अंग चोरून पळणारी माणसं तीच आहेत, नदीतला तराफेवाला तोच आहे. हवामान मात्र बदललं आहे. हिरोशिगेच्या चित्रात पाऊस ऐकू येतो, व्हॅन गॉगच्या चित्रात रंग आधी दिसतो आणि पाऊस नंतर.

नक्कल म्हणून हे चित्र मूळ चित्रापुढे कमी पडतं, असं मी स्पष्ट म्हणेन. सरीची ती तलम चपळाई गेली. पण ते रंगवताना व्हॅन गॉगला कळलं असणार की सपाट रंग हवा असेल तर तो जपानी छापणाऱ्याच्या मार्गानं मिळणार नाही, तैलरंगाला त्याचा दुसरा मार्ग शोधावा लागेल. पुढची वर्षभराची चित्रं पाहिली की ही अटकळ पटते.

दोन्ही चित्रांच्या भोवतीच्या किनारींबद्दलही बोललं पाहिजे. जपानी चित्र उभट आणि अरुंद, व्हॅन गॉगचे कॅनव्हास त्याच्या मानानं रुंद. आलुबुखाऱ्याचं चित्र ५५ सेंटिमीटर उंच आणि ४६ सेंटिमीटर रुंद आहे. उरलेल्या जागेत त्याने रंगीत पट्टे घातले आणि त्यांवर जपानी अक्षरं काढली. ती अक्षरं दुसऱ्याच चित्रांवरून उचललेली आहेत आणि आतल्या प्रसंगाशी त्यांचा संबंध नाही. त्याला ती वाचता येत नव्हती, त्याच्यासाठी ती नक्षी होती. एइसेनच्या गणिकेचं चित्र तर त्याने ‘पारी इल्युस्त्रे’ या नियतकालिकाच्या मे १८८६ च्या जपान विशेषांकाच्या मुखपृष्ठावरून घेतलं. तिथे ते आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं होतं, म्हणून त्याची गणिकाही उलटीच उभी आहे. तिच्याभोवती त्याने तळं, बांबू, बेडूक, बगळे रचले, तेही अन्य चित्रांतून घेतलेले. किनारीतला हा जपान हौशी आहे. त्याच वर्षी केलेल्या पेर तांगी या रंगविक्रेत्याच्या चित्रातही हेच दिसतं. म्हातारा शांत बसला आहे आणि मागची भिंत जपानी चित्रांनी गच्च भरली आहे. तोवर जपान त्याच्या चित्रांत सामान म्हणून येत होता.

फेब्रुवारी १८८८ मध्ये तो दक्षिणेकडे आर्लला गेला. आगगाडीतून बाहेर बघताना ‘जपान आलं का’ असं आपण पाहत होतो, हे त्याने नंतर चित्रकार मित्र गोगँला लिहिलं आणि ते पोरकट असल्याचंही कबूल केलं. पोचला तेव्हा बर्फ पडलेलं होतं, आणि ते दृश्यही त्याला जपानी हिवाळी चित्रांसारखं वाटलं. जूनमध्ये त्याने थिओला कळवलं, की इथे काही दिवस राहिलं की नजर अधिक जपानी होते, रंग वेगळा जाणवू लागतो. आणि नेमकं याच काळात किमोनो, पंखे, अक्षरं त्याच्या चित्रांतून जवळजवळ नाहीशी होतात.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधलं ‘शयनगृह’ घ्या. पलंग, दोन खुर्च्या, खिडकी, भिंतीवर टांगलेली चित्रं. जपानी म्हणावं असं तिथे काही नाही. पण पत्रात तो स्वतः सांगतो, की सावल्या काढून टाकल्या आहेत आणि रंग जपानी चित्रांसारखे सपाट, मोकळे लावले आहेत. वर्षापूर्वी नदीचं पाणी सपाट ठेववलं नव्हतं, ते इथे साधलं. साधलं ते रंग पातळ करून नव्हे. रंग दाटच आहे, फटकारे दिसतात, पण सावली नसल्यानं प्रत्येक वस्तू आपल्या रंगाचा एकच तुकडा बनते आणि गडद कडा तिला शेजारच्या तुकड्यापासून तोडते. या चित्रात आज भिंती निळ्या दिसतात. पत्रात त्याने त्या फिक्या जांभळ्या म्हटल्या आहेत. जांभळ्यातला लाल उडून गेला आणि निळा उरला. पिवळ्या पलंगाशेजारी जांभळी भिंत कल्पून पाहा, मग त्याची रंगांची बांधणी नीट कळते.

नोव्हेंबरमधलं ‘पेरणारा’ माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणाचा खरा निकाल आहे. विषय फ्रेंच चित्रकार मिलेकडून आलेला, युरोपीय शेतकऱ्याचा. पेरणाऱ्याच्या डोक्यामागे भला मोठा पिवळा सूर्य आहे. आणि या सगळ्याला तिरकं छेदत, अगदी बघणाऱ्याच्या नाकासमोर, एका छाटलेल्या झाडाचं खोड उभं आहे. वरच्या कडेनं कापलेलं, निम्म्या चित्रावर हक्क सांगणारं. कामेइदोचं ते खोड फ्रान्सच्या शेतात येऊन उभं राहिलं. इथे त्याने काहीही गिरवलेलं नाही, तरी हिरोशिगेचं धाडस पूर्णपणे त्याचं झालं आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहावीत, मला सांगण्यासारखं फार उरणार नाही.

रेखाटनांबद्दलही एवढंच. आर्लच्या परिसरात मिळणारे बोरू कापून त्याने शाईनं काढलेली मोंमाजूरची दृश्यं ठिपके, आकडे, छोट्या रेघा यांनी भरलेली आहेत. गवताला एक खूण, खडकाला दुसरी, दूरच्या शेताला तिसरी. जपानी माणूस विजेसारखा झरझर चित्र काढतो, असं तो लिहायचा. त्याच्यासमोर असलेली बहुतेक चित्रं मात्र कोरणाऱ्यानं सावकाश कोरलेली होती.

हा गैरसमज निरुपद्रवी होता. दुसरा तसा नव्हता. जपानी चित्रकार एकमेकांना आपली चित्रं देतात, बंधूंसारखे राहतात, साधं आयुष्य जगतात, असं त्याने ऐकलं-वाचलं होतं आणि त्यावर त्याचा जीव जडला. बर्नारला त्याने तसं लिहिलंही. आर्लमधल्या आपल्या पिवळ्या घरात चित्रकारांची वसाहत उभारायचं स्वप्न काही अंशी यातूनच आलं. सप्टेंबर १८८८ मध्ये गोगँला द्यायला त्याने स्वतःचं चित्र काढलं, ते बौद्ध भिक्षूच्या रूपात, डोके भादरलेलं, डोळे जरा तिरपे. प्रत्यक्षातलं एदोचं चित्रविश्व प्रकाशकांच्या हिशोबावर चालणारी बाजारपेठ होती, स्पर्धा होती, उधारी होती. बिंगच्या माळ्यावरच्या ढिगानं त्याला रचना शिकवली, रंग शिकवले. त्या चित्रांमागची माणसं कशी जगत होती हे तो ढीग सांगू शकत नव्हता, आणि ती जागा त्याने आपल्या एकटेपणातून भरली. २३ ऑक्टोबरला गोगँ आला. २३ डिसेंबरला व्हॅन गॉगनं स्वतःचा कान कापला. याचं खापर जपानच्या कल्पनेवर फोडणं चुकीचं ठरेल, त्याचा आजार खोल होता. पण ज्या बंधुभावावर त्याने इतकं लादलं होतं तो कुठेच अस्तित्वात नव्हता, हे मनाला लागतं. जानेवारी १८८९ मधल्या, कानाला पट्टी बांधलेल्या स्वचित्रात मागच्या भिंतीवर एक जपानी चित्र पुन्हा दिसतं. ते आता लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे.

साँ-रेमीच्या रुग्णालयात गेल्यावर पत्रांतले जपानचे उल्लेख विरळ होतात. पण ३१ जानेवारी १८९० ला थिओला मुलगा झाला, त्याचं नाव व्हिन्सेंट ठेवलं, आणि काकानं पुतण्यासाठी बदामाच्या बहराचं चित्र काढायला घेतलं. त्यात जमीन नाही, खोड नाही, क्षितिज नाही. निळ्या आकाशावर फांद्या चारही कडांतून आत येतात आणि बाहेर जातात. फुलं आज पांढरी दिसतात, मूळची अधिक गुलाबी होती. आलुबुखाऱ्याच्या नकलेत कोरी जागा त्याने घाईनं पिवळ्यानं भरली होती. इथे जवळजवळ सगळं चित्र आकाशच आहे, आणि ते मोकळं ठेवायला तो आता घाबरत नाही. तोच पुतण्या पुढे इंजिनिअर झाला, त्याने हा सगळा संग्रह एकत्र राखला, आणि १९७३ मध्ये ॲम्स्टरडॅमला संग्रहालय उघडलं तेव्हा जपानी चित्रं, गिरवलेले कागद आणि कॅनव्हास एकाच इमारतीत आले.